गॅसची लाइन रानाच्या मधून की बांधाकडेनं?

सर्व्हेवाले खुणा करून गेले असतील आणि गॅसची लाइन मधून जाऊ द्यायची की बांधाकडेनं मागायची असं चाललं असेल, तर मी बांधाकडेनं मागून घेतलीय आणि शेजारच्याच गटात चुलतभावानं मधून जाऊ दिलीय, चार वर्षं झाली दोन्ही बघतोय.

पैशात फार फरक पडत नाही. पाइपलाइनसाठीच्या 1962 च्या कायद्यानं जमीन आपल्याच नावावर राहते, लाइनच्या पट्ट्यापुरता वापराचा हक्क घेतात आणि त्याचे बाजारभावाच्या 10 टक्के देतात, पीक-झाडांची भरपाई वेगळी. मधून सरळ गेली की पट्टा कमी जातो हे खरंय. बांधाकडेनं माझी दोन आंब्याची झाडं गेली, त्या पट्ट्यावर परत झाड लावता येत नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

पण ऊस असेल तर मधली लाइन नकोच वाटते मला. चर बुजवताना ठेकेदाराच्या माणसांनी काळी माती आणि खालचा मुरूम एकत्रच ढकलला, दोन्ही रानांत तसंच, आणि पहिल्या पावसात चर वीतभर खचला. माझ्याकडं तो बांधाला लागून आहे, तिथं वैरणीचं गवत लावलंय, भागतंय. भावाच्या सगळ्या सऱ्या चराला आडव्या, पाणी सोडलं की चरापर्यंत येतं आणि चरातनंच आडवं पळतं, पुढचं निम्मं रान कोरडं. रात्रीची लाइट असली की बॅटरी घेऊन खोऱ्यानं एकेका सरीला माती लावत बसायचं, दोनदा माती आणून टाकली तरी परत बसली, आणि त्या पट्ट्यातला ऊस अजून पिवळाच दिसतो.

आता हे आमच्या रानापुरतं. तुमचा बांध रस्त्याला लागून असेल आणि पुढंमागं तिथं घर, गोठा, विहीर काढायचा विचार असेल तर मधून गेलेली बरी, कारण पट्ट्यावर बांधकाम नाही की विहीर नाही. ठिबक असेल तरी मधून एवढा त्रास होणार नाही बहुतेक. पाटपाणी असेल तर मात्र बांधच बघा. अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडं (या कामासाठी सरकारनं नेमलेला अधिकारी) लेखी हरकत द्यावी लागते, सर्व्हेवाल्यांना तोंडी सांगून थांबू नका. मी गटाच्या नकाशावर सऱ्यांची दिशा काढून जोडली होती. आणि अर्जाची पोच घ्या.