परदेशी कॉलेज निवडायची रँकिंगबाहेरची साधनं: कामाचं काय, फसवं काय

क्यूएस, टीएचई आणि शांघाय या जगभरातल्या विद्यापीठांना क्रमांक देणाऱ्या तिन्ही याद्या एकाच गोष्टीची मोजणी करतात असं समजून पालक त्यांची सरासरी काढतात. तसं नाही. क्यूएसचे ४५ टक्के गुण नावलौकिकाचे आहेत: ३० टक्के इतर प्राध्यापकांच्या मतांना, १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना. शांघायच्या यादीत माजी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळवलेली नोबेल व गणितातली फील्ड्स पदकं ३० टक्के गुण खातात. टीएचईच्या यादीत शिरायलाच पाच वर्षांत किमान १,००० शोधनिबंध लागतात. म्हणून विल्यम्स, ॲमहर्स्ट किंवा हार्वी मड अशी अमेरिकेतली, पदवीच्या शिक्षणासाठी नावाजलेली छोटी कॉलेजं या याद्यांमध्ये शोधूनही सापडत नाहीत. संशोधनात पीएचडी करायची असेल तर याद्या थोड्या उपयोगी. बाकीच्यांचे प्रश्न निराळे असतात: वर्ग केवढा, पदवी वेळेत होते का, परदेशी विद्यार्थ्याला मदत मिळते का.

त्या प्रश्नांची उत्तरं देणारी मोफत साधनं आहेत. इथे त्यांचीच परीक्षा केली आहे. बहुतेक साधनं चांगली आहेत, पण जवळपास प्रत्येकात एक जागा अशी येते जिथे परदेशी विद्यार्थी हिशेबातून गळतो. ती जागा माहीत नसेल तर आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकतो.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे संकेतस्थळ २०१३ पासून चालू आहे. नाव टाकलं की पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, कर्ज, कमाई आणि अनुदान वजा जाता पडणारा खर्च दिसतो. मांडणी स्वच्छ आहे, विषयनिहाय कमाईही आहे. मात्र कमाईचे आकडे केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात, आणि विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ती मदत मिळतच नाही. म्हणजे त्या आकड्यात तुमच्यासारखा एकही जण नाही. खर्चाचंही तेच. सरकारी विद्यापीठासमोर दिसणारा सरासरी खर्च त्या राज्यातल्या रहिवाशांचा असतो. तो पाहून बजेट आखणं म्हणजे फसणं. स्कोअरकार्ड वापरायचं ते एकाच कॉलेजातल्या दोन विषयांची तुलना करायला आणि कुठे गळती जास्त आहे ते हेरायला. पैशांच्या हिशेबासाठी नाही.

पैशांसाठी आणि वर्गांसाठी ‘कॉमन डेटा सेट’ उघडा. हे आमच्या मते सगळ्यांत मोलाचं आणि सगळ्यांत कमी वाचलं जाणारं साधन. अमेरिकी कॉलेजं दरवर्षी एकाच साच्यात भरतात ती ही प्रश्नावली. कॉलेजचं नाव, ‘कॉमन डेटा सेट’ आणि वर्ष एवढं टाकून शोधलं की बहुधा त्यांच्या संस्थात्मक संशोधन विभागाच्या पानावर पीडीएफ मिळते. दिसायला रुक्ष, पण तीन जागा पाहिल्या तरी पुरे.

पहिली जागा, बी विभागातला पदवी पूर्ण करण्याचा तक्ता. कॉलेजं जाहिरातीत सहा वर्षांचा आकडा सांगतात. इथे चार, पाच आणि सहा वर्षांत पूर्ण करणारे वेगळे दिलेले असतात. समजा एका तुकडीत १,२०० जण आले आणि चार वर्षांत ५४० जणांनीच पदवी घेतली, तर तो दर ४५ टक्के. जाहिरातीत हेच कॉलेज ७५ टक्के सांगू शकतं आणि तेही खोटं नसतं. पाचवं वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च.

दुसरी, एच६. इथे परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने स्वतःकडून किती जणांना आणि सरासरी किती मदत दिली ते असतं. हा आकडा एकटा वाचू नका. बी२ मधून परदेशी पदवी विद्यार्थ्यांची एकूण संख्या घ्या आणि भागाकार करा. ८०० पैकी ४० जणांना मदत मिळत असेल तर ‘सरासरी शिष्यवृत्ती’ कितीही घसघशीत दिसो, ती २० जणांत एकाची आहे. सरासरी फक्त मिळालेल्यांची काढतात.

तिसरी, आय३, वर्गांचा आकार. यात वर्ग मोजतात, मुलं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. दहा वर्ग १० जणांचे आणि एक वर्ग ३०० जणांचा असं धरा. ‘आमचे ९१ टक्के वर्ग २० पेक्षा लहान’ हे विधान बरोबर. पण ४०० जागांपैकी ३०० जागा त्या एकाच सभागृहात आहेत. पहिल्या वर्षाला तुम्ही बहुधा तिथेच बसणार. म्हणून तक्त्याच्या उजव्या टोकाचे रकाने आधी पाहा: ५० ते ९९ आणि १०० च्या वर. त्याखालची उपवर्गांची ओळ (प्रयोगशाळा, चर्चावर्ग वगैरे) वेगळी असते, ती यात मिसळू नका.

अर्थात हे आकडे कॉलेजं स्वतःच भरतात. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातलेच गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी विद्यापीठाने ‘यूएस न्यूज’ या अमेरिकी कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या प्रकाशनाला दिलेल्या आकड्यांवर, त्यातही लहान वर्गांच्या टक्केवारीवर, जाहीर आक्षेप घेतले. त्याच वर्षी कोलंबिया त्या यादीत २ वरून १८ वर आलं. शिकवणारे तेच, इमारती त्याच. यादीतल्या क्रमांकाला किती किंमत द्यायची ते यावरून ठरवा. आणि ‘कॉमन डेटा सेट’ची एक मर्यादा: ती पदवीपुरतीच आहे, मास्टर्ससाठी तिचा उपयोग नाही.

ब्रिटनचं ‘डिस्कव्हर युनि’ हे संकेतस्थळ अभ्यासक्रमापर्यंत खोल जातं, ही त्याची जमेची बाजू. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण आणि पदवीनंतर १५ महिन्यांची स्थिती, दोन्ही एका पानावर मिळतं. पण उत्तरं कमी आली असतील तर त्या अभ्यासक्रमाऐवजी व्यापक विषयगटाचा आकडा लावलेला असतो. तशी बारीक सूचना असते, ती वाचा. शिवाय २०२३ पासून इंग्लंडमध्ये ‘एकूण समाधान’ हा प्रश्नच विचारत नाहीत, त्यामुळे तो आकडा कोणी मिरवत असेल तर वर्ष विचारा. ऑस्ट्रेलियाचं ‘क्विल्ट’ मास्टर्सचेही आकडे देतं, फक्त विषयगट फार मोठे आहेत. परदेशी पदवीधरांच्या नोकऱ्यांचा अहवाल वेगळा निघतो, तोच घ्या. जर्मनीची ‘सीएचई’ यादी सगळ्यांत शहाणी वाटते. एकूण क्रमांक देतच नाही, विषय निवडायला लावते. प्रत्येक विषयाची फेरी तीन वर्षांनी येते, तेवढं लक्षात असू द्या.

मास्टर्ससाठी मात्र हाताने खणावं लागतं. अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत ३० ऐच्छिक विषय असतात. त्यातले किती खरोखर शिकवले जातात ते वेळापत्रकात कळतं. बऱ्याच विद्यापीठांची गेल्या काही सत्रांची वेळापत्रकं लॉगिनशिवाय उघडतात. तुम्ही ज्या दोन विषयांसाठी तिथे निघालात ते मागच्या चार सत्रांत आले का, आणि कोणी शिकवले, एवढं पाहा. नाव असलेले प्राध्यापक दीर्घ रजेवर किंवा सोडून गेलेले निघतात, हे नेहमीचं.

अमेरिकेत आणखी एक तपासणी, जी कुठल्याच यादीत नाही: अभ्यासक्रमाचा सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक. पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची असते आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या कोडना आणखी २४ महिने मिळू शकतात. अर्थशास्त्राची पदवी ४५.०६०१ खाली नोंदवलेली असेल तर ती स्टेममध्ये बसत नाही, तीच ४५.०६०३ म्हणजे इकॉनोमेट्रिक्स म्हणून नोंदवली असेल तर बसते. प्रमाणपत्रावर दोन्हीकडे ‘अर्थशास्त्र’च लिहिलेलं असू शकतं. हा कोड आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापून येतो, पण तोवर प्रवेश घेऊन झालेला असतो. आधीच विचारा.

कॅनडात परवानगीची अट वेगळी घात करते. कॉलेज सरकारमान्य यादीत असणं वेगळं आणि तिथल्या पदवी-पदविकेवर नंतर वर्क परमिट मिळणं वेगळं. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम परवान्याने चालवणाऱ्या खासगी संस्थांमध्ये १५ मे २०२४ पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांना तो परमिट मिळत नाही. सल्लागार हे सांगेलच असं नाही, कारण कमिशन त्याला कॉलेजकडून येतं.

शेवटी विभागाला एक ईमेल. लांबलचक नको, तीनच प्रश्न: मागच्या दोन तुकड्यांत किती जण आले आणि किती जणांनी ठरल्या वेळेत पूर्ण केलं, त्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, आणि अभ्यासक्रमाचा कोड काय. आठवड्याभरात आकडे आले तर ते कॉलेज यादीत ठेवा. उत्तरात नुसता माहितीपुस्तिकेचा दुवा आला तर तेच प्रश्न एकदा पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदाही दुवाच आला तर अर्जाची फी वाचवा.