क्रुझर का देवगिरी: लेकराच्या पदवीदानाला परभणीहून जायचं कसं अन् कुणी

परवा दाजींचा फोन आला. भाच्याचं इंजिनिअरिंगचं कॉन्व्होकेशन मुंबईत आहे, कॉलेजचा मेल आलाय, आणि मेल आल्याच्या तासाभरात दाजींनी भाड्याची क्रुझर गाडी सांगून टाकली. अकरा माणसं. दाजी, ताई, ताईची सासू, दोन काका, एक काकू, शेजारचे गुरुजी (कारण त्यांनी भाच्याला सातवीत गणित शिकवलं) आणि अजून कोण कोण. मी म्हणलं दाजी, पास किती दिलेत? म्हणे दोन. मग बाकीचे नऊ? "बाकीचे बाहेर थांबतील की, मुंबई बघतील."

फोनवर त्यांच्यापुढं काही बोलायची सोय नाही, म्हणून निवांत बसून लिहायलोय, ज्यांच्या घरी अशी तारीख यायची आहे त्यांच्या पण कामाला येईल. मी हे दोनदा केलंय. 2022 ला थोरल्याचं पदवीदान पुण्याला होतं तेव्हा नऊ माणसं भाड्याच्या गाडीनं गेलतो, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये लेकीचं मुंबईला होतं तेव्हा आम्ही तिघं रेल्वेनं, थोरला पुण्याहून परस्पर येऊन मिळाला.

आधी गाडीचं. गाडीची बाजू घेणारे सगळे एकच हिशोब सांगतात, की किलोमीटरला अमुक रुपये, भागिले माणसं, म्हणजे एसटीपेक्षा पण स्वस्त. हिशोब खरा आहे, खोटा नाही. घरासमोरून निघा, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी सगळं डब्यात, म्हाताऱ्या माणसाला वाटेल तिथं थांबता येतं, गाणी आपली, भांडणं पण आपलीच. पण ह्या हिशोबात एक गोष्ट कुणी धरतच नाही, ती म्हणजे गाडी केली की मुक्काम वाचवायचा मोह होतो. आमचंही तेच झालं. रात्री अकराला निघू, सकाळी सातला पुण्यात, हॉटेलचा खर्च कशाला. पाथरी, माजलगाव, गढीपर्यंत झकास गेलो, पाथर्डीच्या अलीकडं टायर बसला, स्टेपनीत हवा कमी, मग पहाटेपर्यंत पंक्चरवाला शोधायचा. अहिल्यानगरला उजाडलं. तिथून पुढं वाघोलीची गर्दी ज्यांनी सकाळी बघितली त्यांना सांगायला नको. आमच्यातल्या बायकांनी पेट्रोल पंपावर साड्या बदलल्या, मी गाडीतच सदरा घातला, त्याची इस्त्री कवाच मोडलेली. कॉलेजच्या गेटवर पोचलो तर अकरा वाजलेले, आणि हॉलची दारं साडेनऊलाच बंद.

थोरला बाहेर आला तवा त्याच्या अंगात गाऊन होता पण चेहरा उतरलेला. गाऊन दोनच्या आत परत द्यायचा, नाहीतर डिपॉझिट जातं, म्हणून आम्ही नऊ जण पंधरा मिनिटात त्याच्यासोबत फोटो काढले, एकेकाचे, जोडीनं, मग सगळ्यांचे, आणि तो पळत पळत गाऊन द्यायच्या लायनीत. फोटोत सगळे हसायलेत. पण नाव पुकारलं तवा त्याच्यासाठी टाळी वाजवायला आमच्यातलं एकही माणूस आत नव्हतं, आणि ते त्यानं आजपर्यंत बोलून दाखवलं नाही हेच जास्त लागतं.

आता कुणी म्हणंल ती गाडीची चूक नाही, नियोजनाची आहे. बरोबर आहे. मुंबईला जाणाऱ्यांना तर आता जालन्यापर्यंत गेलं की समृद्धी लागते, 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा खुला झाल्यापासून पूर्ण 701 किलोमीटर चालू आहे, कसारा घाटातली रखडपट्टी गेली. आमचा चुलतभाऊ लेकीच्या वेळी त्याच रस्त्यानं आलता, खूश होता. फक्त टोल कारला किलोमीटरमागं दोन रुपयांच्या वर पडतो तो हिशोबात धरा, आणि रात्रीचा ड्रायव्हर एकटा नको. रस्ता इतका सरळ आहे की डोळा कधी लागला कळत नाही. आमचं आमणेच्या पुढं अडलं असतं, कारण तिथून मुंबईत शिरायला किती वेळ लागंल हे कुणाचा बाप सांगू शकत नाही, आणि पार्किंग कॉलेजच्या आत मिळंल हे धरूनच चालू नका.

ट्रॅव्हल्सचं थोडक्यात. स्लीपर कोचनं रात्री बसा सकाळी उतरा, तिकीट ऐनवेळी पण मिळतं, एकट्यादुकट्या पोराला चांगलं. माझी बायको मात्र जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून 25 माणसं गेली तेव्हापासून रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं नाव काढू देत नाही, आणि मी पण वाद घालत नाही. पुण्यालाच जायचं असंल तर एसटी विसरू नका, लोक उगंच नाकं मुरडतात. 2022 पासून 75 वरच्यांना राज्यात फुकट, 2023 पासून बायकांना सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट, म्हणजे माय, बायको आणि मी निघालो तर तिघांत दीड तिकीट. फक्त दिवसाची गाडी धरा आणि आदल्या दिवशी पोचा.

आता रेल्वे. आमच्याकडून मुंबईला रात्रीची देवगिरी, दिवसाची तपोवन, आणि आता वंदे भारत. आम्ही गेलो तवा वंदे भारत जालन्यापर्यंतच होती, त्याच महिन्याच्या शेवटी ती नांदेडपर्यंत आली, म्हणजे आता परभणीहून बसता येतं. ताईच्या सासरचे सगळे वंदे भारत वंदे भारत करायलेत, पण नीट बघा. पहाटे निघून दुपारी पोचते, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळचा रिपोर्टिंग टाइम असंल तर तिचा उपयोग फक्त आदल्या दिवशी जायला. परतीची दुपारी एकच्या पुढं निघते, म्हणजे कार्यक्रम उरकून ती मिळणार नाही, एक मुक्काम वाढला. सगळं बसूनच, आडवं व्हायला नाही, आणि ताईच्या सासूबाईंना आठ-नऊ तास पाय खाली सोडून बसवलं तर संध्याकाळी पाय भोपळ्यासारखे. आठवड्यातला एक दिवस ती नसते, ते पण बघून घ्या. देवगिरीला आडवं होता येतं, सकाळी पोचते, परतीला पण रात्रीची आहे, म्हणजे कार्यक्रम, जेवण, सामान सगळं उरकून निवांत बसता येतं. परभणी ते मनमाड बराचसा मार्ग अजून एकेरी, क्रॉसिंगला गाडी रखडली की तासभर कुठंच जात नाही, त्यामुळं देवगिरीनं गेलात तरी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी उतरायचं धाडस करू नका, आदल्या दिवशी सकाळी उतरा. उतरायचं पण सीएसएमटीलाच असं नाही, कल्याण, ठाणे, दादर सगळीकडं थांबते, कॉलेज कुठं आहे ते बघून उतरा, सकाळच्या लोकलमध्ये बॅगा घेऊन शिरायची वेळ येऊ देऊ नका.

तिकिटाचं खरं दुखणं वेगळंच आहे. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि कॉलेजवाले तारीख कधी कधी महिनाभर आधी सांगतात, तवर देवगिरीला वेटिंग लागलेलं. मी काय केलं, लेकीला म्हणलं मागच्या दोन वर्षांच्या तारखा काढ, त्यावरून अंदाजानं दोन तारखांची तिकिटं काढून ठेवली. वेळेत रद्द केलं तर स्लीपरला माणशी 120 आणि थर्ड एसीला 180 च्या आसपास कापतात, तेवढं सोडा. तत्काळच्या भरवशावर राहायचं असंल तर एसीचं आदल्या दिवशी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि 2025 च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळला खातं आधारला जोडलेलं लागतं, हे त्याच सकाळी कळून उपयोग नाही.

अजून एक, हे मला स्टेशनवरच्या एका बाबूंनी सांगितलं. खालचा बर्थ 60 वरचे पुरुष आणि 45 वरच्या बायका यांना कॉम्प्युटर आपोआप द्यायचा प्रयत्न करतो, पण एका तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसं असतील तर. जास्त जणांच्या गठ्ठ्यात सासूबाईंचं नाव घातलं की गेल्या त्या वरच्या बर्थवर. म्हणून मी माय आणि बायकोचं तिकीट वेगळं काढलं, माझं वेगळं. दोघींना खालचे मिळाले, मी बाजूचा वरचा, मान वाकडी करून. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च 2020 ला बंद झाली ती झालीच, काही लोक अजून खिडकीवर भांडतात.

मुक्कामाला चुलतबहिणीकडं डोंबिवलीला का कॉलेजजवळ लॉज? बहीण रागावते म्हणून तिच्याकडं जेवायला गेलो आणि झोपायला लॉजवर. वन बीएचकेत सकाळी सहाला एका बाथरूमपुढं सात माणसं, त्यातल्या चौघांना साडेआठला हॉलवर जायचंय, हे ज्याला चालतं त्यानं करावं.

आदल्या दिवशी पोचलो त्याचा फायदा मला आधी वाटला होता त्याच्या दसपट निघाला. लेकीनं आम्हाला सगळं कॉलेज हिंडवलं. मेसमधलं तिचं टेबल, लायब्ररीतली खिडकी, परीक्षेच्या आधी रडायची ती पायरी (हे तिनं आईला सांगितलं, मला नाही). ती तर स्वतःच पाहुणी होती, नोकरीला बंगळुरूला लागून दोन महिने झालते, होस्टेलची खोली कवाच गेलेली. बऱ्याच ठिकाणी पदवीदान असंच निकालानंतर काही महिन्यांनी असतं, त्यामुळं लेकराची रजा आणि लेकराचं परतीचं तिकीट आधी विचारा, मग आपलं काढा.

कुणी म्हणतं जायचंच कशाला, पदवी घरी येते, डिजिलॉकरमध्ये पण दिसते, कार्यक्रम लाइव्ह असतो. कागदासाठी जायचं असंल तर खरंच जाऊ नका.

आता पासाचं. आम्हाला पण दोनच होते आणि माणसं चार. मी धरून चाललो होतो की आई आणि बाप. आदल्या रात्री लॉजवर माय नऊवारी घडी करत बसलेली, 76 वर्षांची, शाळेचं तोंड न बघितलेली, आणि ती म्हणली, "मी बाहेर बसते, मला तिथलं काय कळतंय." बायकोनं माझ्याकडं बघितलं. सकाळी माय आणि बायको आत गेल्या. फोन, पिशव्या, पाण्याची बाटली काहीच आत नेऊ देत नव्हते, म्हणून दोघींचं सगळं सामान माझ्या मांडीवर, आणि मी अन् थोरला हॉलच्या मागं कॅन्टीनच्या कट्ट्यावर मोबाईलवर लाइव्ह लावून बसलो. आधी पीएचडीवाले, मग पदकवाले, मग भाषण, लई लांब भाषण, मग विभागवार नावं. लाइव्ह वीसेक सेकंद मागं होतं, ते आम्हाला नावं सुरू झाल्यावर कळलं. भिंतीपलीकडून टाळ्या आधी यायच्या आणि नाव मोबाईलवर नंतर. तिची रांग उठली, आणि हॉलमधून टाळ्यांच्या मधेच एक बारीक आवाज आला, हळदीकुंकवाला, वरातीला बायका जशा हाळी देतात तसा, थोरला म्हणला, "आजी." मोबाईलवर अजून तिच्या पुढचा पोरगाच चालत होता. मग ती आली, खांद्यावर उपरणं, आणि तोच आवाज परत एकदा मोबाईलमधून आला.

म्हणून दाजी, पास सासूबाईंना आणि ताईला द्या. तुम्ही माझ्यासारखं कट्ट्यावर बसा, मोबाईल फुल चार्ज ठेवा, पॉवर बँक न्या. तिकिटं चारच काढा, जाताना आणि येताना देवगिरी, मधे एक रात्र लॉज. भाच्याला दोन दिवस जास्तीची रजा टाकायला सांगा म्हणजे तो पण सोबत परभणीला येईल.

आणि क्रुझर रद्द करू नका. क्रुझरवाल्याला तारीख बदलून सांगा, सकाळी परभणी स्टेशन. बाकी सातजण त्यात बसून या, गुरुजींना पुढं बसवा. उपरण्याचं डिपॉझिट गेलं तर जाऊ द्या पण ते परत करू नका, भाच्याला ते घालूनच उतरायला सांगा.