रोमान्सचं कव्हर: मिठीचं की कार्टूनचं?

जळगावला आत्याच्या लोखंडी कपाटात जुन्या इंग्रजी रोमान्स कादंबऱ्या आहेत, कव्हरवर हाताने रंगवलेलं जोडपं, तो झुकलेला, तिचे केस वाऱ्यावर, आणि नावाची उठावदार अक्षरं बोट फिरवलं की लागतात. ह्याला क्लिंच कव्हर, म्हणजे मिठीचं कव्हर म्हणतात, १९७०-८० च्या काळात अमेरिकेत ह्याची लाटच होती. बघताक्षणी कळतं आत काय आहे ते, ओढ, जवळीक आणि शेवट गोड. आत्या भुसावळच्या गाडीत त्यावर पेपर गुंडाळून वाचायची, लाज वाटायची म्हणून, पण पुस्तकाने तिला कधी फसवलं नाही.

आताचं कार्टून कव्हर म्हणजे गुलाबी-पिस्ता सपाट रंग, दोन माणसं, चेहरे जेमतेम, अक्षरं मोठ्ठी. मोबाईलवर इवल्याशा फोटोतही उठून दिसतं आणि एसटीत बिनधास्त उघडं धरता येतं, हे खरंच भारी आहे. पण हलक्याफुलक्या कॉमेडीला तेच कव्हर, घरातलं कुणी गेल्याच्या दुःखाच्या गोष्टीला तेच, आणि एकदम बोल्ड सीनवाल्या पुस्तकालाही तेच! धुळ्याच्या माझ्या भाचीला, नववीतली पोरगी, असंच गोड चित्र बघून मी पुस्तक दिलं आणि दोन दिवसांत ताईचा फोन, "अगं, काय दिलंस हे तिला?" फार वाईट वाटलं मला.

म्हणून माझं मत मिठीच्या कव्हरलाच, ते जास्त प्रामाणिक आहे. कार्टूनवालं घ्यायचं असेल तर मधली चार पानं चाळूनच घ्या, पोरांसाठी असेल तर नक्कीच.