माळकरी अण्णांना घेऊन फ्लॉरेन्सच्या वाइन टेस्टिंगला

आम्ही मूळचे तासगावचे. घरी साडेतीन एकर द्राक्षबाग, सगळा माल बेदाण्याला जातो. मी आणि नवरा पुण्यात असतो, सप्टेंबरमध्ये अण्णांना (माझे वडील) घेऊन इटलीला जाऊन आलो, त्यांची अट एकच होती की फळछाटणीच्या आत घरी पोचायचं. ट्रिपमधलं सगळ्यात काय आवडलं असं कोणी विचारलं की मी फ्लॉरेन्समधलं ते वाइन टेस्टिंगच सांगते, आणि मग समोरून हमखास येतं, अगं पण आम्हाला वाइनमधलं काहीच कळत नाही, आम्ही तिथे जाऊन काय करणार. तर हे त्यांच्यासाठीच लिहितेय. आम्ही दोघांनी आयुष्यात मिळून चार-पाच वेळा वाइन घेतली असेल, तीही नाशिकला फिरायला गेल्यावर, आणि अण्णा तर माळकरी, थेंबही घेत नाहीत. तरी तिघांनाही सव्वादोन तास कमी पडले.

आधी न आवडलेलं सांगते, म्हणजे फरक कळेल. आदल्या दिवशी आम्ही फ्लॉरेन्सहून कियांतीच्या डोंगरात जाणारी एक बसटूर घेतली होती आणि त्यातही टेस्टिंग होतं. पन्नासेक माणसं एका हॉलमध्ये उभी, वीस मिनिटांत पाच वाइन, खायला म्हणून कोरडी बिस्किटं, आणि शेवटचा ग्लास खाली ठेवायच्या आत हातात ऑर्डरचा फॉर्म. उपाशीपोटी घेतल्यामुळे माझं डोकं चढलं, नवऱ्याला पाचही वाइन सारख्याच लागल्या. खूप वाईट वाटलं, कारण आजूबाजूला इतकी सुंदर बाग आणि आत त्याबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही. अण्णा मात्र तेवढा वेळ बाहेर ओळींमधून फिरत होते. तोडणीला आलेले घड होते, छोटे काळे मणी, जाड साल, आत बिया. ओळीच्या टोकाला गुलाबाची झाडं लावलेली, रोग आला तर आधी गुलाबावर दिसतो म्हणून लावायची जुनी पद्धत. भुरी आणि डावण्या हे द्राक्षाचे रोग इथेही येतात हे कळल्यावर अण्णांना तो मुलूख एकदम आपला वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशीचं टेस्टिंग आर्नो नदीच्या पलीकडे, सान्तो स्पिरितोच्या चौकापासून दोन गल्ल्या आत एका छोट्या एनोटेकात होतं. एनोटेका म्हणजे वाइनचं दुकान, जिथे बसून प्यायची आणि खायची पण सोय असते. जाताना जुन्या वाड्यांच्या भिंतींकडे लक्ष ठेवा, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर छोट्या कमानीची खिडकी दिसेल, एक बाटली जेमतेम जाईल एवढी. त्याला बुकेत्ते देल विनो म्हणतात. मोठी घराणी आपल्या शेतातली वाइन या खिडकीतून थेट गिऱ्हाइकाला विकायची, फ्लॉरेन्समध्ये अशा दीडशेच्या वर आहेत. १६३० च्या प्लेगमध्ये माणसाला माणूस न लागता व्यवहार करायला त्या कामाला आल्या आणि २०२० मध्ये कोरोनात काही जणांनी त्या परत उघडल्या.

आम्हाला धरून आठच माणसं, एक लांब लाकडी टेबल, प्रत्येकापुढे पाच ग्लास, पाणी आणि पाव. माणशी ४८ युरो. अण्णा पिणार नाहीत असं मी बुकिंग करतानाच ईमेलवर लिहिलं होतं, त्यांचे फक्त खाण्याचे २० युरो घेतले आणि वर प्रत्येक वाइनचा एक घोट त्यांच्याही ग्लासात ओतला, वास घेण्यासाठी. ही गोष्ट मला फार भावली. न पिणाऱ्या माणसाला कोपऱ्यात ज्यूस देऊन बसवतात तसं केलं नाही, त्यांच्या नाकाला बाकीच्यांइतकाच मान दिला.

शिकवणाऱ्या बाई साधारण माझ्याच वयाच्या, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना विचारलं की सकाळी काय पिता, कॉफी की चहा, साखर किती, दूध घालता का. मग सांगितलं की कोरी कॉफी किंवा कोरा चहा पिणाऱ्यांना तुरटपणाची सवय असते, त्यांना रेड वाइन लवकर जमते, दूध-साखरवाल्यांना वेळ लागतो आणि त्यात काही चूक नाही. आम्ही दोघं दूध-साखरवाले. एवढ्या एका वाक्याने आदल्या दिवशीचा गोंधळ समजला!

पहिली व्हाइट होती, वेर्नाच्चा दि सान जिमिन्यानो. सान जिमिन्यानो म्हणजे ते उंच दगडी मनोऱ्यांचं गाव, आणि इटलीत वाइनला डीओसी हा दर्जा (म्हणजे ठरावीक भागातली, ठरलेल्या नियमांनी बनवलेली वाइन) द्यायला सुरुवात झाली तेव्हा १९६६ मध्ये पहिला मान याच वाइनला मिळाला. गिळल्यावर मागे हलका कडवट बदाम लागतो. सोबत फेत्तुन्ता, म्हणजे भाजलेल्या पावावर लसूण घासायचा आणि वरून भरपूर ऑलिव्ह ऑइल. टस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्स ज्यात येतं त्या प्रांताचा, पाव बिनमिठाचा असतो, टूरिस्ट लोक याला नावं ठेवतात, पण अण्णांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "भाकरीत तरी कुठं मीठ घालतोय आपण? मीठ कोरड्यासाला." बरोबर आहे, तिथे पण मीठ चीजमध्ये आणि सलामीत असतं, पाव मुद्दाम अळणी.

दुसरी कियांती क्लासिको. इथे बाईंनी पाप्पा आल पोमोदोरो दिलं, शिळा पाव टोमॅटोत शिजवून केलेलं घट्ट सूप, बेसिल आणि तेल घालून. शिळ्या पावाचं इतकं छान काही होऊ शकतं हे खाल्ल्याशिवाय पटत नाही. आधी नुसती वाइन प्यायला लावली, मला आंबट आणि धारदार लागली, तोंड कसंनुसं झालं. मग दोन चमचे सूप खाऊन परत प्यायला सांगितलं आणि तीच वाइन गोलसर लागली. टोमॅटो स्वतः आंबट, त्याच्यापुढे कमी आंबट वाइन ठेवली तर ती मिळमिळीत होते, म्हणून त्याच्या तोडीची आंबट वाइन लागते, आणि कियांतीचं मुख्य द्राक्ष सांजोवेझे हे मुळातच आंबटसर. तिथल्या नियमानुसार कियांती क्लासिकोमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं. १७१६ मध्ये टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या कोसिमो तिसऱ्याने कियांती भागाच्या हद्दी लिहून दिल्या होत्या, आणि बाईंनी बाटलीवरच्या काळ्या कोंबड्याची गोष्ट पण सांगितली, ती तुम्ही तिथेच ऐका.

तिसरा आणि चौथा ग्लास एकत्र होता, कियांती क्लासिको रिझेर्वा (म्हणजे जास्त काळ मुरवलेली) आणि ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चीनो. ब्रुनेल्लो पूर्ण सांजोवेझेची आणि तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीच्या आधी विकताच येत नाही. इथे तुरटपणा म्हणजे टॅनिन शिकवलं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते आणि हिरड्या ओढल्यासारख्या होतात ना, अगदी तेच. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, आणि चीजमधलं प्रोटीन आणि फॅट त्याला धरून ठेवतं म्हणून चीज खाऊन घोट घेतला की खरखर कमी होते. मी तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा झालं. मांसाहारी लोकांना फिनोक्क्योना नावाची सलामी होती, बडीशेप घातलेली, नवऱ्याने माझीही संपवली.

शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, आणि तिथल्या बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, पार्मेजानो रेज्जानोमध्ये तर नेहमीच वासराचं असतं. कोणी आपणहून हे सांगत नाही कारण त्यांच्या लेखी चीज म्हणजे शाकाहारीच. पण टस्कनीत काटेरी फुलाच्या तुऱ्यांनी दूध फाडून केलेलं पेकोरिनो पण मिळतं, पाकिटावर काल्यो वेजेताले लिहिलेलं असतं. मी आधी कळवलं होतं म्हणून अण्णांसाठी आणि माझ्यासाठी तेच आणून ठेवलं होतं. न कळवता गेलात तर वेळेवर मिळेल याची खात्री नाही.

या मधल्या वेळात अण्णांनी मला विचारायला लावलं की एकरी माल किती काढता. बाईंनी हेक्टरचा आकडा दिला, कियांती क्लासिकोत हेक्टरी साडेसात टनांच्या वर माल काढायला परवानगीच नाही. अण्णांनी मनातल्या मनात हिशोब केला, एकरी तीन टन. आमच्याकडे दहा-बारा टन निघतो आणि तरी दर पडला की औषधांचा खर्च सुटत नाही. झाडावर घड कमी ठेवले की राहिलेल्या घडांत रस दाट होतो हे त्यांना सांगावं लागलं नाही, विरळणी त्यांनी आयुष्यभर केलीय, पण कमी माल काढावा असा नियम असतो आणि त्याचा दाम शेतकऱ्याला मिळतो हे त्यांच्या डोक्यातून जाईना. बाटलीच्या गळ्यावरची सरकारी नंबरची पट्टी त्यांनी हातात घेऊन बघितली, आपल्याकडे एक्स्पोर्टच्या द्राक्षाला ग्रेपनेट या सरकारी वेबसाइटवर बागेची नोंदणी करतात त्यातलाच हा प्रकार. मी बाईंना सांगितलं की आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली या वाइनरीने सांजोवेझे लावलंय आणि तिथली वाइन ज्यांनी घडवली ते पिएरो मासी टस्कनीचेच, तर त्या खरंच खूश झाल्या, फोनवर नकाशा काढून अकलूज कुठे ते बघितलं.

शेवटी विन सांतो आणि कांतुच्ची. कांतुच्ची म्हणजे बदामाची दोनदा भाजलेली कडक बिस्किटं, वाइनमध्ये बुडवून खायची, चहात खारी बुडवतो तशी. विन सांतोसाठी त्रेब्बियानो आणि माल्वाझिया ही पांढरी द्राक्षं तोडून लगेच चिरडत नाहीत, चटयांवर पसरून किंवा टांगून महिनोन् महिने सुकवतात, मग त्यांचा दाट रस छोट्या पिंपांत भरून माळ्यावर ठेवून देतात, उन्हाळ्यात तापू देतात, हिवाळ्यात गार होऊ देतात, काही वर्षं. पिंपाच्या तळाशी जुना गाळ ठेवलेला असतो, त्याला मादरे म्हणजे आई म्हणतात, नवीन रस त्यावर घातला की तो कामाला लागतो. मी अण्णांना म्हटलं, विरजण! ते फक्त मान हलवत होते, ग्लास नाकाशी धरलेला. बराच वेळ तसाच धरून बसले आणि मग हळूच म्हणाले, "मार्चात शेडात शिरल्यावर येतोय बघ, तोच वास."

मला तिथे भरून आलं. लहानपणी बेदाण्याच्या शेडमध्ये आम्ही जाळ्यांखाली खेळायचो, तो गोड, जरा आंबूस, उष्ण वास, आणि तो इथे सातासमुद्रापार एका ग्लासात. मी बाईंना सांगितलं की आमच्या घरी द्राक्षं सुकवायचाच धंदा आहे, पंधरा-अठरा दिवसांत जाळीवर बेदाणा तयार होतो, तर त्यांनी उरलेल्या सगळ्यांना थांबवून अण्णांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ज्यात बुडवून काढतो ते) म्हणजे काय, शेड कसं बांधता, पावसाचं काय करता. मी मध्ये भाषांतर करत होते. टेबलावरची बाकीची माणसं, त्यात एक डच जोडपं होतं, सगळी ऐकत बसली, आणि आमचे अण्णा सगळ्यांना समजावून सांगत होते.

आता कमतरता. जागा लहान आहे आणि एसी नाही, सप्टेंबरातसुद्धा दुपारी उकडलं. टॉयलेटला तीव्र जिन्याने खाली जावं लागतं, गुडघ्याचा त्रास असेल तर विचार करा. वाइन थुंकायचं भांडं मागितल्याशिवाय देत नाहीत, मी तिसऱ्या ग्लासनंतर मागितलं, आधीच मागायला हवं होतं, पाच ओतल्या की बऱ्यापैकी होतात. खाणं पोटभर आहे पण जेवण नाही, रात्री आम्ही परत जेवलो.

बुक करताना एवढं बघा की बसून आहे का, माणसं दहाच्या आत आहेत का, आणि खाणं प्रत्येक वाइनसोबत वेगळं आहे की नुसतं चीजचं एक ताट. नुसतं ताट असेल तर पैसे वाया नाही जाणार, पण आम्ही जे सूप आणि वाइनचं शिकलो ते होणार नाही. दुपारचा साडेचार-पाचचा स्लॉट चांगला. ऑगस्टच्या मध्यावर तिथली बरीच दुकानं सुट्टीवर असतात. नवीन ऑलिव्ह ऑइल हवं असेल तर नोव्हेंबरात जा, तेव्हाचं तेल घशाला मिरीसारखं झोंबतं म्हणे, आम्हाला मागच्या हंगामाचंच मिळालं.

विकत घ्यायचा काही आग्रह नव्हता. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या आरामात बसतात, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणा. घरपोच कुरिअरची किंमत ऐकून आम्ही तो विचार सोडला. आम्ही एक कियांती आणि एक छोटी विन सांतो आणली. कियांती दिवाळीत मित्रांसोबत संपली. विन सांतो तासगावच्या घरी कपाटात आहे, बूच काढलेलं नाही.

येत्या हंगामात शेडच्या एका कोपऱ्यात चार-पाच घड डिपिंग न करता नुसतेच टांगून ठेवायचे असं अण्णांनी ठरवलंय, आपल्या हवेत ते किती दिवसांत सुकतात ते बघायला. त्यासाठी सुतळी आणि हुक आणून ठेवलेत.