वादळ समुद्रात, भात शिवारात: बेळगाव-खानापूरकरांनी कापणीसाठी कुणाचा अंदाज धरावा?

२०१९ ची दिवाळी येळ्ळूर भागातले शेतकरी विसरलेले नाहीत. 'क्यार' वादळ अरबी समुद्रात घोंघावत होतं. ते ओमानकडे वळेल, आपल्या किनाऱ्याला लागणार नाही, असं एका वाहिनीवर सांगत होते आणि झालंही तसंच. आमच्या शेजारच्या काकांनी तेवढ्या भरवशावर बासमती कापून टाकला. वादळ आलं नाही, पण पाऊस आला. तीन दिवसांनी पेंढी उचलली तर लोंबीतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले. वादळाचा मार्ग बरोबर सांगितला होता, पण कापणी धरायची तर पाऊस कुठं पडणार ते बघावं लागतं. म्हणून हाताशी असलेले अंदाज एकमेकांशेजारी ठेवून बघूया.

हवामान खात्याचं चक्रीवादळाचं पत्रक मार्गासाठी सगळ्यात भरवशाचं, यात मला शंका नाही. तरी त्यातला तो पुढं रुंद होत जाणारा पट्टा नीट समजून घ्या. वादळाचं केंद्र कुठून कुठवर जाऊ शकतं एवढंच तो पट्टा सांगतो. पाऊस त्याच्या बाहेरही शेकडो किलोमीटर पडतो. शिवाय चोवीस तास आधीच्या अंदाजातही केंद्र सरासरी ७०-८० किलोमीटर इकडेतिकडे होतं, तीन दिवस आधी दीडशेच्या आसपास. पणजी ते बेळगाव सरळ हवाई अंतर जेमतेम ८० किलोमीटर आहे, यावरून काय ते समजा.

वादळ पुढं सरकलं म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. आपल्याकडे वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. केंद्र गोव्यासमोर असताना आपल्याला वारा दक्षिणेकडून लागतो. ते मुंबई-गुजरातकडे गेलं की तोच वारा नैऋत्येकडून, थेट समुद्रावरून येतो, चोर्ल्याच्या घाटाला धडकून वर चढतो आणि कणकुंबी-जांबोटीवर रिता होतो. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' १५-१६ तारखेला आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं आणि १७ च्या रात्री गुजरातेत धडकलं. अशा वेळी खानापूरच्या पश्चिम भागानं आणखी एक दिवस तरी दम धरावा.

विंडीसारखी हवामानाची ॲप आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत. त्यांचा खरा उपयोग चार-पाच दिवस आधी होतो, मळणीयंत्र सांगायचं की थांबायचं हे ठरवताना. त्यात युरोपचं मॉडेल, म्हणजे संगणकानं मांडलेलं हवामानाचं गणित, आणि अमेरिकेचं जीएफएस नावाचं मॉडेल, दोन्ही उघडून बघा. दोघांचं जमत असेल तर आखणी करा, नसेल तर मजुरांना शब्द देऊ नका. २०२३ च्या जूनमध्ये 'बिपरजॉय'च्या वेळी सुरुवातीला मॉडेलांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होती. शेवटी ते १५ जूनला कच्छमध्ये जखाऊला धडकलं. आणि 'अमुक वाजता इतके मिलिमीटर' हे आकडे घाटाजवळ फार मनावर घेऊ नका. युरोपच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा. त्यात डोंगर, दरी आणि तुमचं शेत सगळं एकत्र मोजलं जातं.

आता आपल्या सीमाभागाची खरी अडचण. मराठी बातम्यांतला नकाशा कोल्हापूरपाशी संपतो. बेंगळुरूच्या पत्रकात आपण 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या एकाच विभागात, बिदर-रायचूरच्या पंगतीत. जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट लागला की तो कणकुंबीलाही आणि अथणीलाही. एका ठिकाणी वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस, दुसऱ्या ठिकाणी सहाशेलाही मारामार! म्हणून जिल्ह्याचा रंग बघा, पण शेजारही बघा. निपाणी-चिकोडीकरांनी कोल्हापूरचा अंदाज जोडीला घ्यावा, खानापूरवाल्यांनी गोव्याचा. बेळगाव-येळ्ळूर पट्ट्याला मी गोव्याचा इशारा आधी बघतो आणि मग जिल्ह्याचा, कारण अरबी समुद्रातल्या वादळाचा पाऊस आमच्याकडे तिकडूनच सरकतो.

अथणीच्या द्राक्षवाल्यांचं गणित निराळं. त्यांनी बंगालच्या उपसागरावरही लक्ष ठेवावं. ३० नोव्हेंबर २०२४ ला 'फेंगल' पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं आणि विरत विरत कर्नाटक ओलांडून अरबी समुद्रात उतरलं. अशी वादळं इथवर पोचेपर्यंत वारा उरत नाही, पण आभाळ भरून राहतं आणि डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाला तेवढं पुरतं. इथं मात्र विंडीतले ढग आणि आर्द्रतेचे थर मार्गाच्या नकाशापेक्षा जास्त कामाचे, फवारणी त्यावर ठरवता येते.

व्हॉट्सॲपवर फिरणारे तारीखवार अंदाज मी बघणं सोडलंय. ते कुठल्या गावासाठी आणि कधी केलेले, हेच कळत नाही.

शेवटच्या दोन-तीन तासांत पणजीच्या डॉप्लर रडारचं चित्र बघावं, ते खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोन चित्रं बघितली की पावसाचा पट्टा कुठं सरकतोय ते कळतं. सह्याद्रीच्या आडोशामुळं खालचे ढग आणि भुरभुर त्यात निसटते, मोठी सर बहुधा दिसते. भात कापून पडलेलं असेल आणि गोव्याकडून पट्टा घाटाकडे येताना दिसला, तर वाळायची वाट बघू नका. पेंढ्या बांधावर उंच जागी आणा, लोंब्या आत करून उडवी (पेंढ्यांचा ढीग) रचा, ताडपत्रीखाली हवा खेळायला जागा ठेवा. पाऊस उघडला की ताडपत्री लगेच काढा, नाहीतर आतली वाफ कोंडून तेच कोंब परत येतात.