आधी उलटा करून पोट बघा: इकेबुकुरोच्या गाशापोन दुकानातले किडे

कुठल्याही प्राण्याचं किंवा किड्याचं मिनिएचर हातात आलं की मी पहिल्यांदा ते उलटं करते. वरची बाजू बहुतेक सगळेच बरी करतात, रंग मारतात, पट्टे काढतात, पण पोट, पायांचे सांधे, पाय नक्की कुठून फुटलेत ते, हे बघितलं ना की बनवणाऱ्याने खरा प्राणी कधी नीट बघितलाय का ते लगेच कळतं. मुंबईत असताना मी ऑनलाइन बारा किड्यांचा एक सेट मागवला होता, फोटोत एकदम झकास दिसत होता, घरी आला तर कोळ्याला सहाच पाय आणि मुंगीची कंबरच गायब, शिवाय रंगाचा असा उग्र वास की दोन दिवस गॅलरीत ठेवावा लागला. परत घ्यायला विक्रेत्याने साफ नकार दिला. पैशांपेक्षा त्या सहा पायांच्या कोळ्याचा मला जास्त राग आला होता, कारण तो सेट लहान मुलांसाठी 'शैक्षणिक' म्हणून विकत होते.

आता टोकियोत राहून चार वर्षं झाली, निशी-कासाईला, आणि इथे आल्यापासून हा छंद फारच वाढलाय. इथे किडा हा विषय लोक मनापासून घेतात. पाळणाघरातली पोरं दगड उचलून उचलून दांगोमुशी (हात लावला की गोळी होणारे छोटे किडे) शोधत बसतात, उन्हाळ्यात दुकानात जिवंत भुंगे विकायला असतात, त्यामुळे किड्याचं मॉडेल चुकीचं असेल तर सात वर्षांचं पोरगंसुद्धा बोट ठेवून दाखवेल. म्हणूनच इथली मॉडेलं इतकी चोख असतात असं मला वाटतं.

तर दुकानाबद्दल. इकेबुकुरोला सनशाइन सिटी म्हणून मोठा मॉल आहे, तिथल्या वर्ल्ड इम्पोर्ट मार्ट बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर गाशापोनचं डिपार्टमेंट स्टोअर आहे, २०२१ च्या फेब्रुवारीत उघडलं. आत फक्त नाणं टाकलं की कॅप्सूलमधून खेळणं देणारी मशीनं, ३००० च्या वर, गिनीजमध्ये ३०१० मशीनांची नोंद आहे. निशी-कासाईहून तोझाई लाइनने ईदाबाशी, तिथे युराकुचो लाइन पकडायची आणि हिगाशी-इकेबुकुरोला उतरायचं, मग पाऊस असला तरी फरक पडत नाही कारण स्टेशनातून जमिनीखालूनच रस्ता आहे. त्याच बिल्डिंगच्या गच्चीवर मत्स्यालय आहे, त्यामुळे पोरांना घेऊन जायचं असेल तर एका दिवसात दोन्ही होतं.

ज्यांना गाशापोन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मशीनवर आत काय काय आहे त्याचं चित्र असतं, समजा चार रंगांचे किडे, त्यातला तुम्हाला कुठला मिळणार हे आधी कळत नाही, नाणी टाकायची, दांडा गरागरा फिरवायचा (तो 'गाशा') आणि कॅप्सूल खाली पडते (तो 'पोन'). ही मशीनं जपानात १९६५ ला अमेरिकेतून आली आणि बांदाई कंपनी १९७७ पासून यात आहे. बहुतेक मशीनं १०० येनची नाणीच घेतात, म्हणजे ५०० येनच्या किड्याला पाच नाणी लागतात, दुकानात सुट्ट्यांची मशीनं आहेत पण मी घरूनच डबीत साठवून नेते. ५०० येन म्हणजे आपले साधारण पावणेतीनशे-तीनशे रुपये. हवा तो रंग नाही आला तर बदलून मिळत नाही, तोच खेळ आहे तिथला, ते मान्य करूनच नाणं टाकायचं. मी एका मशीनवर एका दिवसात दोनदाच फिरवायचं असं ठरवून टाकलंय आणि ते पाळते.

मी सगळ्यात जास्त ज्याची शिफारस करेन तो म्हणजे बांदाईचा दांगोमुशी, २०१८ ला आला तो. आपल्याकडे कुंडी उचलली की खाली ओल्या मातीत राखाडी रंगाचे छोटे किडे सैरावैरा पळतात ना, त्यांच्याच जातकुळीतला, फक्त हा हात लावला की गोळी होऊन बसतो. मॉडेल खऱ्याच्या दहापट आहे. आणि खरी गंमत ही की याला वेगळी कॅप्सूलच नाही, किडाच गोल झालेला असतो आणि तसाच मशीनमधून गडगडत बाहेर येतो! पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तिथेच उभी राहून पाच मिनिटं नुसता उघडत आणि मिटत होते. पाठीच्या पट्ट्या एकमेकींवरून अशा सरकतात की मध्ये फट दिसत नाही, पाय आत घ्यायचे, शेपटीकडचा भाग वळवायचा, डोकं बरोबर त्या खाचेत बसतं आणि मुठीएवढा गोळा तयार.

मग उलटा केला. पाय मोजले, सात जोड्या, चौदा पाय, अगदी बरोबर. कारण हा कीटक नाहीच मुळात, कीटकाला सहा पाय असतात, हा कोळंबी-खेकड्यांच्या भाऊबंदातला, जमिनीवर राहायला आलेला. पोटाच्या मागच्या बाजूला त्याच्या श्वास घ्यायच्या पट्ट्या असतात, म्हणून त्याला ओल लागते, कोरड्यात जगत नाही. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत घेऊन फिरते. कात टाकताना आधी मागचा अर्धा भाग टाकतो आणि मग काही दिवसांनी पुढचा, त्यामुळे मध्येच कधी अर्धा फिकट अर्धा गडद असा दिसतो. हे सगळं मी हे मॉडेल घेतल्यावर वाचायला लागले. आणि एक घोळ पण सुटला, मला वाटायचं की सह्याद्रीत पावसाळ्यात ट्रेकला वाटेवर जो गोटीसारखा गोल होणारा चकचकीत प्राणी दिसतो तो हाच. तो हा नव्हे. तो आपल्या वाणी-पैसा किड्याच्या घराण्यातला, त्याला पायांच्या वीसच्या वर जोड्या असतात. दोघेही गोल होतात पण नातं लांबचं, आणि हे ओळखायला पायच मोजावे लागतात, म्हणून मी म्हणते आधी उलटा करा.

दुसरा माझा आवडता कामाकिरी, म्हणजे आपला खंडोबाचा किडा. जपानीत कामा म्हणजे विळा, आणि नाव किती नेमकं आहे ते याचे पुढचे पाय बघितले की कळतं. हा कॅप्सूलमध्ये सुट्या भागांत येतो, घरी जोडायचा, सोबत घडी घातलेला कागद असतो. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला काट्यांच्या ओळी आहेत, मांडीचे काटे आणि नडगीचे काटे एकमेकांत कैचीसारखे बसतात, ते दुमडून बघितलं की खरा किडा माशी कशी धरून ठेवतो ते डोळ्यासमोर येतं. मान फिरते, मागे वळून बघणारा कामाकिरी मी फ्रिजच्या वर ठेवलाय आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दचकतो. जोडताना घाई नको, पाय सॉकेटमध्ये सरळ रेषेत दाबायचे, तिरके दाबले की बारीक खुंटी वाकते. गांधीलमाशी आणि स्टॅग बीटल (शिंगांसारख्या जबड्यांचा भुंगा) पण आहेत याच मालिकेत, गांधीलमाशीचे पंख पारदर्शक आणि शिरांसकट आहेत, पण खरं सांगू का, मला ती घरात बघवत नाही, लहानपणी दोनदा चावलीये.

आता बाबांचं सांगते. माझे वडील मालवणहून तीन महिन्यांसाठी आले होते, आमची थोडी माडं आहेत. मी इकेबुकुरोहून काबुतोमुशी आणला होता, शिंगवाला मोठा भुंगा, काबुतो म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. टेबलावर ठेवला, बाबांनी चष्मा लावला, उचलला, आणि लगेच म्हणाले, "अरे ह्यो तर माडावरचो भुंगो!" मग जवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "पण ह्येचा शिंग असा फाटलेला कित्याक?" एकदम बरोबर पकडलं त्यांनी. आपल्याकडचा गेंडा भुंगा वेगळ्या जातीचा, त्याला एकच आखूड मागे वळलेलं शिंग, आणि जपानी काबुतोमुशीचं शिंग लांब, टोकाला दोनदा दुभंगलेलं. त्यानंतर बाबांनी तो उलटा केला (मी काही सांगितलं नव्हतं हां) आणि पायाच्या टोकाची नखं दाखवली, की या नखांनीच तो माडाच्या कोंबात घट्ट धरून बसतो, म्हणून नुसत्या हाताने ओढला तर निघत नाही, तारेला आकडा करून काढावा लागतो, आणि याची अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते म्हणून खड्डा उपसत राहावा लागतो. अर्धा तास आम्ही त्या प्लॅस्टिकच्या भुंग्यावर बोललो. माझ्या लेकाने आजोबांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं असेल. इथे पोरं ज्याला लाडाने जेली भरवतात त्याचाच भाऊबंद तिकडे माड मारतो, हे त्याला किती वेळ पटतच नव्हतं.

किड्यांव्यतिरिक्त प्राणी हवे असतील तर काइयोदोचं काम नक्की बघा. ओसाकाकडची कंपनी, १९६४ ला दीड त्सुबोच्या दुकानात सुरू झाली, म्हणजे पन्नासेक चौरस फुटांचा गाळा. १९९९ ला फुरुता कंपनीच्या चॉकलेटच्या अंड्यात यांनी बनवलेले जपानचे प्राणी यायला लागले, शिनोबु मात्सुमुरा यांनी घडवलेले, आणि लोकांनी चॉकलेट सोडून त्या प्राण्यांसाठी अंडी घेतली. ते जुने तुकडे मी टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवे या मॉलमधल्या सेकंडहँड दुकानांत शोधते. मागच्या महिन्यात मला १०० येनला एक बेडूक मिळाला, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्याच्या मागच्या पायाच्या बोटांमधला पडदासुद्धा दिसतो. एवढ्या लहान आकारात मांडीचा स्नायू ताणलेला दाखवणं सोपं नाही. माझ्या मते आकार आणि नेमकेपणा याचा हिशोब केला तर याच्या जवळपास कुणी येत नाही.

युरोपच्या श्लाइख आणि पापो या कंपन्यांचे प्राणी मोठे, हातात धरून खेळायला चांगले, आणि भारतात ऑनलाइन मिळतात. श्लाइख जर्मन, १९३५ ची कंपनी, तिचे घोडे आणि गाई-गुरं मला आवडतात. लहान मुलाला पहिलं मॉडेल द्यायचं तर मी हेच देईन कारण बारीक भाग तुटून तोंडात जायची भीती कमी. अमेरिकेच्या सफारी लिमिटेडचे जीवनचक्राचे सेट शाळेतल्या बाईंना भेट म्हणून एक नंबर, अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू चारही वेगवेगळे.

जपणुकीचं पण सांगून ठेवते कारण मालवणला नेलेले माझे दोन तुकडे चिकट झाले होते. हे बरेचसे पीव्हीसीचे असतात, उन्हात किंवा बंद प्लॅस्टिकच्या डब्यात गरम जागी ठेवले की त्यातलं तेलकट द्रव्य वर येतं आणि धूळ चिकटते. कोमट पाण्यात भांड्याचा साबण थोडा घालून मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा, डबा हवेशीर ठेवा. मिशी किंवा पाय वाकडा झाला तर गरम पाण्यात थोडा वेळ धरा, बोटाने सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा, तो आकार राहतो. उकळतं पाणी नको, रंग जातो.

पहिल्यांदाच जाणार असाल तर १०० येनची वीस नाणी, एक कापडी पिशवी आणि कामाचा वार, शनिवार-रविवारी मशीनपुढे उभं राहायला जागा नसते. आधी दांगोमुशी शोधा, मग कामाकिरी. मशीनं बदलत राहतात, एखादी मालिका एका फेरीत दिसते आणि पुढच्या वेळी नसते, म्हणून दिसला की घ्या. रिकाम्या कॅप्सूल तिथेच परत टाकायला डबा आहे, घरी आणू नका.

मला स्वतःला एकाच गोष्टीची वाट आहे. मृगाचा किडा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बांधावर निघतो तो, लालभडक मखमलीचा, मी अजून त्याचं नीट मॉडेल कुठेच बघितलेलं नाही. दहापट केला तर तळहातावर मावेल, मखमलीसाठी खेळण्यांवर चिकटवतात तशी बारीक लव लावता येईल, आणि पाय आठ हवेत, कारण तो कोळ्यांच्या बाजूचा. बाबांनी यंदा बांधावरचे फोटो काढून पाठवलेत, वरून दोन आणि माझ्या सांगण्यावरून काचेवर ठेवून खालून एक.