फ्रंट लोड वॉशिंग मशीन: धुलाई उत्तम, पण चुकीला माफी नाही

फ्रंट लोड मशीन कपडे जास्त स्वच्छ धुतं, कापडाची झीज कमी करतं आणि पाणीही कमी घेतं. साधारण ७-८ किलोच्या मशीनला एका धुण्यात ५०-७० लिटर पाणी पुरतं, तर त्याच क्षमतेचं टॉप लोड सहज १०० लिटरच्या वर जातं. दुकानात एवढं सांगतात आणि ते खरंही आहे. पण वास, न संपणारं धुणं, ओले राहिलेले कपडे आणि काही वर्षांनी सुरू होणारी घरघर, यांचं मूळही त्याच रचनेत आहे. ड्रम आडवा, पाणी थोडं आणि दार घट्ट बंद: फ्रंट लोडच्या बहुतेक तक्रारी या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

सुरुवात साबणापासून करू, कारण निम्मा त्रास तिथूनच येतो. फ्रंट लोडमध्ये पाणी फक्त ड्रमच्या तळाशी असतं. आतल्या पट्ट्या कपडे वर उचलतात आणि खाली आपटतात. मळ निघतो तो या आपटण्याने. फेस जास्त झाला की कपडे फेसावर पडतात, आपटणं होतच नाही आणि धुलाई बिघडते. पुढे पाणी उपसताना पंपात पाण्याऐवजी फेस आणि हवा शिरते, मशीन ते ओळखून स्पिन थांबवतं, जादा खळबळणी लावतं आणि वेळ वाढत जातो. टॉप लोडमध्ये भरपूर पाणी असल्यामुळे साबण थोडा जास्त पडला तरी खपून जातो. फ्रंट लोडमध्ये खपत नाही. म्हणून हात-धुण्याची किंवा टॉप लोडची पावडर यात वापरू नये, आणि फ्रंट लोडची पावडर घेतली तरी पाकिटावर मळकट कपड्यांसाठी दिलेलं माप रोजच्या कपड्यांना घालू नये. पाणी मऊ, म्हणजे कमी क्षाराचं असेल तर आणखी कमी घालावं.

कपड्यांत जुना साबण साठलाय का, हे तपासणं सोपं आहे. धुतलेले चार-पाच टॉवेल मशीनमध्ये घाला, साबण अजिबात न घालता कोमट पाण्याचं धुणं लावा आणि दहा मिनिटांनी काचेतून पाहा. फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यांचा साबण आहे. फेस दिसेनासा होईपर्यंत बिनसाबणाचं धुणं पुन्हा लावा, आणि नंतर माप निम्म्यावर आणा.

उरलेला साबण, सॉफ्टनर आणि कपड्यांतला तेलकटपणा कुठे जातो? आतला ड्रम आणि बाहेरचा टब यांच्यामधल्या, कधीच न दिसणाऱ्या जागेत. कायम थंड किंवा ३० अंशांच्या पाण्यात धुतलं तर तिथे चिकट करडा थर जमतो. धुतलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास या थराचा असतो, आणि सुगंधी सॉफ्टनर वाढवला की थर आणखी वाढतो. दुसरी जागा म्हणजे दाराचं रबर. खालच्या बाजूची घडी बोटांनी पुढे ओढून पाहा: आत केस, धाग्यांचा लगदा, एखादं नाणं आणि साचलेलं पाणी सापडेल. घडीच्या अगदी तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. केसांनी ती बुजली की पाणी तिथेच राहतं आणि रबरावर काळे ठिपके येतात. हे ठिपके रबराच्या आत उतरले की घासून जात नाहीत, रबरच बदलावं लागतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. शेवटचं धुणं झालं की रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसायची, दार आणि साबणाचा खण दोन्ही उघडे ठेवायचे. फक्त दार उघडं ठेवून भागत नाही, कारण खणाच्या मागची पोकळीही ओलीच असते. खण पूर्ण बाहेर काढून सॉफ्टनरच्या कप्प्यातली छोटी टोपी उपसून धुवायची. ती तुंबली की त्या कप्प्यात कायम पाणी उभं राहतं. महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्याचं लांब धुणं लावायचं, ऑक्सिजन ब्लीच असलेली पावडर घालून. क्लोरीन ब्लीच वारंवार वापरलं तर रबर खराब होतं. आणि पाणी जड असेल तेव्हा हीटरवरचा क्षार काढायला सायट्रिक ॲसिड वापरतात, ते क्लोरीन ब्लीचबरोबर कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू तयार होतो. ब्लीचचं आणि सायट्रिक ॲसिडचं धुणं वेगवेगळ्या दिवशी, मध्ये एक साधं धुणं घेऊन करावं.

टॉप लोडला हे काहीच करावं लागत नाही असं नाही. त्याच्याही दोन टबांमध्ये आणि तळाच्या फिरत्या चकतीखाली घाण साठते, धाग्यांची जाळीची पिशवी दर धुण्यानंतर रिकामी करावी लागते. फरक एवढाच, की वरचं झाकण हवाबंद नसतं आणि पाणी अडवून धरणारी रबराची घडी नसते. दोन-चार महिने दुर्लक्ष झालं तरी ते लगेच वास मारत नाही.

आता वेळ. सुती कपड्यांचं धुणं दोन ते तीन तास चालतं ते बिघाडामुळे नाही. पाणी आणि उष्णता कमी वापरली की ती कसर वेळेने भरून काढावी लागते. चीड येते ती पडद्यावरची शेवटची काही मिनिटं जागच्या जागी थांबतात तेव्हा. त्या वेळी मशीन कपडे ड्रमभर सारखे पसरवायचा प्रयत्न करत असतं. वेग वाढवण्याआधी ते हळू फिरवून तोल बघतं, तोल गेलेला आढळला की थांबतं, उलट फिरवतं, पुन्हा बघतं. काही प्रयत्नांनंतर एकतर कमी वेगाने स्पिन उरकतं किंवा सोडून देतं, आणि कपडे निथळत बाहेर येतात. एकच जाड पायपुसणं किंवा एकटी जाड चादर धुवायला टाकली की हे होणारच. सोबत दोन-तीन टॉवेल घाला. उशीची आणि गादीची खोळ बटणं लावून टाका, नाहीतर बाकीचे कपडे तिच्यात शिरून एक गोळा होतो. तरीही ओले राहिले तर कपडे मोकळे करून नुसतं स्पिन लावा.

क्षमतेचा आकडा सुती कपड्यांच्या कार्यक्रमापुरता असतो हे अनेकांना सांगितलंच जात नाही. सिंथेटिकला साधारण निम्मं, आणि १५-३० मिनिटांच्या झटपट धुण्याला साधारण दोन किलोच. सुती कपडे भरल्यावरही वर हात आडवा जाईल एवढी जागा हवी.

मध्येच मोजा टाकायचा राहिला तर? टॉप लोडमध्ये झाकण उचला, टाका, संपलं. कपडे रात्रभर भिजत ठेवता येतात, नळाला पाणी नसेल तर बादलीने ओतता येतं. फ्रंट लोडमध्ये पाणी दाराच्या काठाच्या वर असेल किंवा तापलेलं असेल तर दार उघडत नाही, आणि धुणं संपल्यावरही कुलूप सुटायला एक-दोन मिनिटं लागतात. दार ओढत बसू नका, कुलपाची आकडी तुटते. बादलीचा तर प्रश्नच नाही: पाणी व्हॉल्व्हमधून दाबानेच यावं लागतं, बहुतेक मशिन्सना किमान ०.३ ते ०.५ बार. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा साधारण ३ ते ५ मीटर उंच हवं. टाकी डोक्यावरच असेल तर पाणी भरत नसल्याचा एरर येत राहील. दाब पुरेसा असूनही तो आला तर आधी नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावरची जाळी साफ करा, गाळ तिथेच अडकतो.

वीज गेली आणि आत पाणी अडकलं तर खालच्या झाकणामागे पंपाचा फिल्टर असतो. प्लग काढा, गरम धुणं असेल तर पाणी निवू द्या. बारीक नळी दिली असेल तर तिचं बूच काढून पसरट भांड्यात पाणी सोडा, मगच फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवा. आतला पंखा बोटाने फिरवला तर अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. ते चुंबकामुळे, बिघाड नाही. सैल होऊन डुगडुगत असेल किंवा फिरतच नसेल तर पंप तपासावा लागेल.

सगळ्यात महाग तक्रार मात्र मागच्या बाजूला असते. आडव्या ड्रमचं सगळं वजन मागच्या एकाच दांड्यावर लोंबकळतं. दांडा दोन बेअरिंगमध्ये फिरतो, आणि पाणी व बेअरिंग यांच्यामध्ये एक रबरी सील असतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं, गंज चढतो. स्पिनचा वेग वाढेल तशी वाढत जाणारी घरघर म्हणजे बेअरिंग. खात्री करायची तर मशीन बंद करून ड्रमचा वरचा काठ आतून धरून उचला. ड्रम बाहेरच्या टबाला सोडून एकटाच वर-खाली हलला तर बेअरिंग गेलं. दोन्ही मिळून हलले तर ते नुसते टबाला तोलून धरणारे स्प्रिंग आणि हादरे शोषणारे डँपर.

ड्रमला दांड्याशी जोडणारा तीन हातांचा सांगाडा बऱ्याच मशिन्समध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि ड्रम स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू सतत साबणाच्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, आणि त्यावर साचलेला चिकट थर हे काम आणखी सोपं करतो. एक दिवस हात तुटतो आणि ड्रम टबावर धडाधड आदळू लागतो. असा आवाज आला की मशीन लगेच बंद करा.

खरी चीड इथे आहे: अनेक मशिन्सचा बाहेरचा टब प्लास्टिक वितळवून कायमचा जोडलेला असतो. बेअरिंग स्वस्त असतं, पण तिथवर पोचायला टब कापावा लागतो, म्हणून पूर्ण टब-ड्रम बदलायला सांगतात आणि तो खर्च ऐकून लोक नवीन मशीनच घेतात. ही गोष्ट निर्मात्यांनी ठरवून केलेली आहे आणि ती ग्राहकावर अन्याय करणारी आहे. स्क्रूने जोडलेला टब बनवता येतो, काही मशिन्समध्ये असतोही. विकत घेताना मोटरच्या वॉरंटीची वर्षं मोजण्याऐवजी टब खोलता येतो का आणि बेअरिंग सुटं मिळतं का, हे विचारा. मोटर क्वचितच आधी जाते.

टॉप लोडमध्ये टब चार दांड्यांवर टांगलेला असतो, दांडे सुटे मिळतात, बदलणंही सोपं. त्याचे दोष वेगळे: बाह्या आणि पाय एकमेकांत पिळून गाठी होतात, नाजूक कापड लवकर विरतं, स्पिन ७०० फेऱ्यांच्या आसपास असल्यामुळे कपडे वाळायला वेळ लागतो, अनेक मॉडेलमध्ये पाणी तापवायची सोय नसते.

पाण्याचा दाब कमी असेल, थोडेथोडे कपडे मध्येच टाकायची सवय असेल, किंवा रबर पुसणं आणि महिन्याचं गरम धुणं नियमाने कोणी करणार नसेल, तर टॉप लोड घ्यावं. वाकायला त्रास होत असेल तरीही टॉप लोडच, किंवा फ्रंट लोडखाली भक्कम स्टँड हवा. पाणी जपून वापरावं लागत असेल, डाग हट्टी असतील, गरम पाण्याची धुलाई हवी असेल, तर फ्रंट लोडला तोड नाही.

फ्रंट लोड घेतलंच, तर पहिल्या दिवशी दोन गोष्टी स्वतः पाहा. मागचे वाहतुकीचे तीन-चार बोल्ट काढलेत का. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन उड्या मारतं. ते जपून ठेवा, घर बदलताना पुन्हा लागतील. आणि पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर अडकवलंय का. ते खाली जमिनीवर टाकलं असेल तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन तासभर नुसतं पाणी भरत बसतं.